चटईचे कोरे काठ

१

देव्हाऱ्याची दारं उघडली आणि आत कोणीच नव्हतं.

काहीच नव्हतं असं नाही. दिवे होते, उदबत्तीच्या राखेचं भांडं होतं, पाण्याची वाटी होती. पण वरच्या पायरीवर कुवाशिरो घराण्यातल्या मृतांच्या नावाच्या पाच पाट्या दाटीवाटीनं उभ्या असायच्या, काळ्या रोगणाच्या, सोनेरी अक्षरांच्या. त्या गायब होत्या. मठातून आलेल्या भिक्षूंनी मंत्र म्हणायला उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

घर विकायच्या आधी पितरांची रजा घ्यायची, त्यांच्या पाट्या मठात हलवायच्या आणि मगच कागदावर सहीचा शिक्का मारायचा, अशी कामेउरा गावाची रीत. रजा घ्यायला माणसं जमली होती. रजा देणारेच घर सोडून गेले होते.

चिझुए साकामाकी गेली वीस वर्षं या बेटावरची रिकामी घरं विकत होती. एका घरात तिला मधमाश्यांचं पोळं सापडलं होतं, एकात तर चक्क भाडेकरू. पण पितर हरवलेलं घर तिच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं होतं. तिला काळजी वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर तिचे कान टवकारले गेले होते. मुळात ती घरं विकायला लागली तीच लोकांच्या घरात डोकावायला मिळतं म्हणून.

"हे बघा जरा," रिओहेइ म्हणाला. घराची मालकीण फुमीआजी, तिचा हा पुतण्या. हिरोशिमाहून सकाळच्या बोटीनं आला होता.

दारापासून देव्हाऱ्यापर्यंत आणि तिथून परत दारापर्यंत, गवती चटयांवर लाल चिखलाचे ठसे उमटले होते. मोठ्या, खाचांच्या तळव्याच्या बुटांचे.

"अगं बाई! चटईवर? बूट घालून?" शेजारच्या तोकिए-सानच्या आवाजात असा थरकाप होता की जणू खोलीत मुडदा पडलाय.

सगळ्यांच्या नजरा दाराशी गेल्या. तिथं हिरवे गमबूट होते. तळव्यांना लाल चिखल. बूट यित्काचे, म्हणजे घर विकत घेणाऱ्या चेक बाईचे. सौदा ठरल्यापासून फुमीआजीच्या परवानगीनं ती रोज येऊन अंगणातलं रान काढायची आणि बूट इथंच सोडून जायची. तिच्याएवढे मोठे पाय अख्ख्या गावात कुणाचे नव्हते. सगळे वळून तिच्याकडे बघू लागले.

"मी नाही," यित्का म्हणाली. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

२

फुमीआजी बंदराजवळच्या वृद्धाश्रमात राहायची. वय शहाऐंशी, पाय गेलेले, जीभ शाबूत. भेटीच्या खोलीत चिझुए तिच्यासमोर बसली, शेजारी यित्का. रिओहेइनं दोन चटयांच्या सांध्यावर फतकल मारली.

"सासूसासरे, नवरा, धाकटा दीर, आणि माझी तान्ही पोर. पाचही जणांना हरवून मी घर विकू? वर गेल्यावर सासूबाई मला दारात तरी उभं करतील का?"

"फुमीआजी, पोलिसांना..." चिझुएनं सुरुवात केली.

"पोलिसाला काय करायचंय? त्याला स्वतःची सायकल सापडत नाही. शनिवारी शिक्का मारायचा ठरलंय ना? तोवर पाट्या आणा. नाहीतर शिक्का माझ्या उशाखालीच राहील."

"मी आधीपासून म्हणत होतो, काकू," रिओहेइ म्हणाला. "हिला देव्हाऱ्याचं कपाट हवं होतं, आतली मेलेली माणसं नको होती. दिली असतील समुद्रात टाकून. माझ्या ओळखीची कंपनी जास्त भाव देते. पाहुण्यांसाठी खोल्या करतील, नवं छप्पर घालतील."

यित्काचे कान लाल झाले. गेली बारा वर्षं ती ओसाकात पियानो शिकवत होती. भाड्याची खोली बघायला गेली की घरमालक हसून वाकायचे आणि परदेशी माणसाला देत नाही म्हणायचे, तेही इतक्या गोड आवाजात की आधी आभार मानायचे की रडायचं हेच कळू नये. म्हणून तिनं ब्रनो शहरातलं आईचं घर विकलं आणि या बेटावरचं हे जुनं घर ठरवलं. ओसाकाची खोली महिनाअखेर सोडायची होती. हे घर हातचं गेलं, तर दोन्ही देशांत तिचं म्हणून एकही दार उरणार नव्हतं.

"फुमीआजी, मी घेतल्या नाहीत," ती म्हणाली.

फुमीआजीनं तिला न्याहाळलं. "नसशील घेतल्या. पण ज्या घरातून माझी माणसं नाहीशी झाली, त्या घराचं काय करायचं ते आधी मला कळू दे."

३

बाहेर पडल्यावर चिझुएनं रिओहेइला धक्क्यावर गाठलं आणि चांगलंच फैलावर घेतलं.

"काल कुठे होतास रे?"

"हिरोशिमात. आमच्या साहेबांची पार्टी होती. बोटीवाल्याला विचारा, आज पहिल्या बोटीनं आलो. काकूनं कंपनीला विकलं तर माझा फायदा आहे, नाकबूल कशाला करू? पण चिझुए-सान, देव्हाऱ्याला हात लावायची माझी छाती नाही हो. लहानपणी आजोबांच्या पाटीला जीभ दाखवली होती, आठवडाभर ताप आला."

बोटीवाल्यानं दुजोरा दिला. पण फायदा असलेला माणूस दुसऱ्याला पाठवू शकतो, म्हणून चिझुएनं त्याला मनातल्या यादीतून काढलं नाही.

यित्का खाणावळीच्या वरच्या खोलीत उतरली होती. ती खिडकीपासून भिंतीपर्यंत फेऱ्या मारत होती, चटयांवर वाटेल तसे पाय पडत होते.

"खाणावळीच्या बाईनं आज जेवण खोलीबाहेर ठेवलं," ती म्हणाली. "काल माझ्यासमोर बसून तिच्या सुनेच्या चहाड्या सांगत होती. चिझुए-सान, आमच्याकडेही बूट दाराशीच काढतात! माझ्या आईनं पाव्हण्यांसाठी बारा जोड सपाता ठेवल्या होत्या. इथं सगळ्यांना वाटतं, गोरी माणसं बूट घालूनच जन्माला येतात."

"काल संध्याकाळी बूट कसे ठेवलेस?"

"कसे म्हणजे? काढले आणि पडले तिथं पडले. टोकं बाहेर करून, जोडून ठेवायचे असतात, माहितीये मला. बारा वर्षांत अंगवळणी पडलं नाही."

चिझुएच्या डोळ्यांसमोर सकाळचे बूट आले. टोकं बाहेर, टाचेला टाच लावून, अंगणातून आलेल्या पाहुण्याला वाकून नमस्कार करावा तसे उभे. सकाळी दार तिनंच सरकवलं होतं, तिच्याआधी आत कोणी गेलं नव्हतं. दाराला कुलूप नसायचंच. या गावात कुलूप लावणं म्हणजे शेजाऱ्याला तोंडावर चोर म्हणणं.

तिथून ती तोकिए-सानकडे गेली. एकोणऐंशी वर्षांची, चिमणीएवढी बाई, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. फुमीआजी वृद्धाश्रमात गेल्यापासून रोज सकाळी त्या घराच्या खिडक्या उघडणं, देव्हाऱ्यात ताजं पाणी आणि भात ठेवणं, सगळं तीच करायची; आज मात्र विधी आहे म्हणून गेली नव्हती. चहाचा ट्रे घेऊन ती एक आखूड, एक लांब अशी पावलं टाकत आली. गुडघे दुखतात म्हणाली.

"काल तुम्हाला कोणी दिसलं का हो?"

"अंधार पडला की मी टीव्हीसमोर. पण चिझुए-सान, मुलगी वाईट नाही हो. मी तिला मुळ्याचं लोणचं दिलंय, आवडीनं खाते. फक्त तिला आपल्यातलं कळत नाही. तिला वाटलं असेल जुनं लाकूड आहे, टाकून द्यावं."

"म्हणजे तीच?"

तोकिए-साननं चहात बघितलं. "आपल्यातलं कोण बूट घालून चटईवर जाईल?"

बिनतोड प्रश्न होता. संध्याकाळपर्यंत तो गावातल्या सगळ्यांच्या तोंडी होता. चिझुएलाही त्याचं उत्तर सुचेना, आणि तिला उत्तर न सुचणं म्हणजे जेवण न जाणं.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकटीच त्या घरात गेली. ठसे वाळून लाल भुकटी झाले होते. ते पुसले जाऊ नयेत म्हणून ती त्यांच्या बाजूनं, ठशाला ठसा लावत देव्हाऱ्यापर्यंत चालत गेली.

आणि तिथं पोचल्यावर तिला काहीतरी खटकलं. चालणं फार सोपं गेलं होतं.

ती पुन्हा दाराशी गेली, पुन्हा चालली. तिचं पाऊल आखूड पडलं तिथं ठसाही आखूड, तिचं लांब पडलं तिथं ठसाही लांब. ती गुडघ्यांवर बसली. चटयांना काळ्या कापडाचे काठ होते. तिनं एकेक काठ बोटानं चाचपत तपासला. चिखल चटयांवर सगळीकडे होता. काठांवर कुठंही नव्हता. जातानाही नाही, येतानाही नाही.

तिच्या आजीच्या हातात कायम एक मोडका पंखा असायचा. पोराचा पाय चटईच्या काठावर पडला की घोट्यावर फटका. जुन्या घरांत वाढलेली माणसं आजही काठ ओलांडूनच चालतात, आणि आपण असं चालतो हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नसतं. चिझुएलाही आत्ता, छप्पन्नाव्या वर्षी, ठाऊक झालं होतं.

तिला हसू आलं आणि मग एकदम राग आला. बूट घालून चटई तुडवणाऱ्याला काठाची कसली आलीय अदब? कोणीतरी परकं येऊन गेलं असं दाखवायचं, म्हणून त्यानं काळीज घट्ट करून बूट घातले. पण पाय आपलेच राहिले. निघताना ते बूट टोकं बाहेर करून जोडून ठेवल्याशिवायही त्याला राहवलं नाही.

यित्का काठांवरून बिनदिक्कत चालते, हे तिनं कालच पाहिलं होतं. रिओहेइ तर सांध्यावर फतकल मारून बसला होता. त्यानं कोणाला पैसे चारून पाठवलं असेल? चिझुए देव्हाऱ्याशी गेली. पाण्याची वाटी पुसून पालथी घातली होती. पैशासाठी आलेला माणूस वाटी पुसत बसत नाही. पाट्या नेणाऱ्यानं त्यांना पळवलं नव्हतं, त्यांचं बिऱ्हाड हलवलं होतं.

मग ती देव्हाऱ्यासमोर बसून विचार करू लागली. वाटी पुसणारा माणूस त्या पाच जणांना उपाशी ठेवेल का? शक्यच नाही. जिथं लपवलं असेल तिथं तो रोज सकाळी भात ठेवणार. गावातल्या निम्म्या घरांत सकाळी पितरांना भात ठेवतात, पण तो घरातल्या देव्हाऱ्यात. चिझुएला शोधायचा होता तो घराबाहेर पडणारा भात.

शिक्क्याचा दिवस उद्यावर आला होता. म्हणजे चोर पकडायला एकच सकाळ.

५

शनिवारी उजाडताच चिझुए वरच्या रस्त्याच्या वळणावर फोन कानाला लावून उभी राहिली. फोनवर कोणी नव्हतं. खाली स्वयंपाकघरांतून वाफा निघत होत्या. कोणी कुत्र्याला घेऊन बाहेर पडलं, कोणी कचरा घेऊन.

मग तोकिए-सानचं मागचं दार सरकलं. हातात लहानसा ट्रे, वर रुमाल. ती अंगण ओलांडून संत्री साठवायच्या खोपटाकडे गेली. संत्र्यांना कोणी भात वाढत नाही.

चिझुएला वाटलं होतं, चोर सापडला की आनंद होईल. तो झाला नाही.

खोपटात संत्र्यांचा वास दाटला होता. एका उलट्या खोक्यावर स्वच्छ पांढरं कापड अंथरलेलं, त्यावर पाचही पाट्या. एक जरा पुढे.

"पाणी गार आहे का बघा," चिझुए दारातून म्हणाली.

तोकिए-सान दचकली नाही. ट्रे खाली ठेवून ती तिथंच टेकली. "ठशांवरूनच ओळखलं असशील. बूट फार मोठे होते गं. दोनदा पडता पडता वाचले."

"का केलंत?"

तिनं पुढच्या पाटीकडे बोट केलं. "हा शुन्जी. फुमीचा धाकटा दीर. मी एकोणीस वर्षांची होते. आम्ही दोघांनी ठरवलं होतं, घरात अजून सांगायचं होतं. तेवढ्यात त्याच्या छातीनं दगा दिला. मग काय सांगणार आणि कुणाला? वर्षभरात मी शेजारच्या घरात सून म्हणून आले. तेव्हापासून रोज सकाळी फुमीशी गप्पा मारायला म्हणून जाते आणि त्याला नमस्कार करून येते."

"साठ वर्षं?"

"साठ वर्षं. मठात गेला की तो शेकडो पाट्यांच्या गर्दीत जाईल. वर एवढ्या पायऱ्या, आणि माझे गुडघे हे असे."

"मग मागून घ्यायचीत की पाटी! घरी ठेवली असतीत!"

"घरी?" तोकिए-साननं तिच्याकडे असं पाहिलं की जणू चिझुएचं डोकं फिरलंय. "घरच्या देव्हाऱ्यात आमचे हे आहेत. त्यांच्या शेजारी ठेवू?"

वीस वर्षं चिझुएनं अनेकांना घरं मिळवून दिली होती, पण या शुन्जीला गावात खरंच जागा नव्हती.

"सौदा मोडला तर रिओहेइ कंपनीला विकायला अजून दोन-तीन वर्षं लावेल," तोकिए-सान म्हणाली. "मला तेवढीच पुरतात."

"आणि यित्काचं काय? तिला घर नाही, तोकिए-सान. सगळं गाव तिला चोर म्हणतंय!"

"ठाऊक आहे. म्हणून तर तिचे बूट घातले. तिच्यावर सगळ्यांचा लगेच विश्वास बसेल हे मला ठाऊक होतं." म्हातारीनं पांढऱ्या कापडाची सुरकुती सारखी केली. "तेच फार वाईट केलं मी."

"मग हे तिला तुम्हीच सांगायचं. मी नाही सांगणार."

६

वृद्धाश्रमाच्या त्याच खोलीत पाच पाट्या टेबलावर ओळीनं उभ्या होत्या. तोकिए-सान कपाळ चटईला टेकवून सगळं बोलली. काही लपवलं नाही.

पहिल्यांदा फुमीआजी बोलली. "साठ वर्षं मला वाटत होतं, तू माझ्याशी गप्पा मारायला येतेस."

"तुझ्याशीही यायचे गं."

"तरीच. मी तापानं फणफणले होते तेव्हाही आधी देव्हाऱ्यापाशी गेलीस." फुमीआजीनं नाक पुसलं. "मूर्ख बाई. मला सांगितलं असतंस तर मी निदान बाहेर जाऊन बसले असते."

रिओहेइनं घसा साफ केला. "काकू, एवढं सगळं झाल्यावर कंपनीचा विचार..."

"तू गप रे." फुमीआजी यित्काकडे वळली. "नाव तुझं खराब झालं. हिचं काय करायचं ते तू सांग. पोलिसाला बोलवायचं तर बोलव, सायकल सापडली म्हणे त्याची."

चिझुएला वाटलं यित्का आता माफ केलं म्हणेल, इथं सगळे म्हणतात तसं, हसून आणि वाकून. ती हसली नाही.

"मी तुमचं लोणचं खाल्लं, तोकिए-सान," ती म्हणाली. "गावातलं ते पहिलं घर, जिथं मला आत बोलावलं. आणि परवा सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं, तेव्हा तुम्हीही बघितलंत. तुम्हाला माहीत असून."

"हो," तोकिए-सान म्हणाली. कपाळ अजून चटईलाच होतं.

"मला अजून राग आहे. पुष्कळ दिवस राहील."

"राहू दे."

मग यित्कानं विचारलं, "ते कसे होते?"

तोकिए-साननं डोकं वर केलं. हे तिला कधी कोणी विचारलं नव्हतं, विचारणार तरी कोण? "उंच होता," ती म्हणाली. "म्हणजे माझ्या मानानं. शिट्टी फार वाईट वाजवायचा. आपण छान वाजवतो असं त्याला वाटायचं." आणि मग ती रडायला लागली, एखाद्या एकोणीस वर्षांच्या पोरीसारखी, तोंडावर बाही धरून. फुमीआजीनं तिचा हात घट्ट धरून ठेवला.

चिझुएनं खिडकीबाहेर बघितलं. लोकांच्या घरात डोकावायची तिला हौस होती, पण इथं नजर वळवावीशी वाटली.

"फुमीआजी," यित्का म्हणाली, "देव्हारा तिथंच राहू दे. शुन्जी-सानही. बाकीच्यांचं तुम्ही ठरवा."

"बाकीचे जातील मठात. सासूबाईंना मठ आवडायचाच. पोरीला मी माझ्याजवळ ठेवेन. पण तुला चालेल? परक्याचा माणूस घरात?"

"चालेल." ती तोकिए-सानकडे वळली. "तुम्ही रोज या. पण आतापर्यंत यायचात तसं नाही. दार वाजवायचं. मी ‘या’ म्हटलं की आत यायचं. ते माझं घर आहे."

"अजून झालं नाही तुझं," फुमीआजी म्हणाली. तिनं आपल्या खोलीतून उशाखालचा शिक्का मागवला, लाल शाईत बुडवला आणि कागदावर दोन्ही हातांनी दाबून धरला. शिक्का उचलल्यावर तिनं कागदावर फुंकर मारली.

"हं. आता म्हण."

यित्कानं तोंड उघडलं. परवा ज्यांनी वळून बघितलं होतं तीच माणसं तिच्याकडे बघत होती. तिनं एकेकाच्या डोळ्यांत बघितलं.

"ते माझं घर आहे," ती म्हणाली.